पहिल्या फेरीला कोण बसलं होतं?

लाक-ब्रोशे, आबितिबी
गुरुवार, २२ जून १९७८

ओरेल,

मंगळवार, २० जून, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी तुझ्या हँगरमधून आदल्याच संध्याकाळी दुरुस्त होऊन निघालेलं पिवळं विमान तळ्यावरून उठलं आणि मिनिटभरात परत तळ्यात पडलं. आत दोघी होतो. चालवणारी माझ्या बहिणीची नात नोएला. शेजारी मी, तुझ्या थोरल्या भावाची विधवा, वय एकाहत्तर, डोक्यावर नवी टोपी.

हे तुला माहीत नाही असं नाही. धक्क्यावर तू उभाच होतास. तरी लिहिते आहे, कारण फोन केला की तुला खोकला येतो आणि रिसीव्हर जानीनच्या हातात जातो. जानीनशी माझं भांडण नाही. तिने विमानाला हात लावलेला नाही.

आधी काय झालं ते सांगते, म्हणजे पुढे कुणी मला 'म्हातारीला नीट आठवत नाही' म्हणायला नको. पाण्यावरून उठलो तेव्हा सगळं ठीक होतं. झाडांच्या उंचीला आलो आणि डावीकडून वारा लागला. डावा पंख वर गेला. नोएलाने चाक डावीकडे फिरवलं, म्हणजे तो पंख खाली यायला हवा. तो आणखी वर गेला. तिने आणखी फिरवलं. पंख आणखी वर. माझ्या खिडकीत आकाश राहिलं नाही, फक्त पाणी. तेव्हा त्या पोरीने एक गोष्ट केली, जी मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिने चाकावरचे हात काढले. अक्षरशः काढले, मांडीवर ठेवले, आणि पायाखालचं डावं पेडल दाबून नुसत्या शेपटीच्या जोरावर विमान सरळ करत आणलं. पुरतं सरळ झालं नाही. विमान पाण्यावर ज्या दोन होड्यांवर टेकतं त्यांतली उजवी आधी आपटली, तिचा पुढचा आधार मोडला आणि आम्ही कलंडलो. पाणी छातीपर्यंत होतं. माझं डावं मनगट मोडलं, तिच्या गळ्याचं हाड. टोपी अजून तळ्यात आहे.

किनाऱ्यावर आणल्यावर ती एकच वाक्य बोलत होती, "उलटं होतं, आजी. चाक उलटं होतं."

पंखांच्या मागच्या कडेला ज्या झडपा असतात, त्यांच्या तारा तुझ्याकडे नव्या बसवल्या, हे तूच सोमवारी मला फोनवर अभिमानाने सांगितलंस. "विमान नव्यासारखं झालंय, वहिनी. उद्या पहिल्या फेरीला तुम्हीच बसा." मी आमोसला माझ्या कॉन्व्हेंटच्या मैत्रिणींना भेटायला निघाले होते. मला वाटलं, दिराने मान दिला.

मला तीन गोष्टी कळायला हव्यात. तारा कोणी बसवल्या? बसवल्यावर दुसऱ्या कोणी पाहिल्या? आणि मी बसण्याआधी त्या विमानात बसून वर कोण गेलं होतं?

क्लोतिल्द


लाक-ब्रोशे
रविवार, २५ जून १९७८

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. मनगटाचं दुखणं कमी होत असेल अशी आशा. जानीन रोज मेणबत्ती लावते. सोबत तिने साखर-सायीच्या वड्या पाठवल्या आहेत, तुम्हाला आवडतात तशा अक्रोड न घातलेल्या. काल सेंट जॉनच्या सणाच्या शेकोटीला गाव जमलं होतं, पण आम्ही लवकर परत आलो. कुणाशी बोलावंसं वाटेना.

वहिनी, जे झालं त्याचं मला किती वाईट वाटतंय ते लिहून कळायचं नाही. तारांच्या कामात काही गडबड राहिली असावी असं दिसतंय. विमान बाहेर काढून तपासणं चालू आहे. हँगरमध्ये आम्ही सगळेच वर्षानुवर्षं हे काम करत आलोय, आणि माणसाच्या हातून कधी काही राहून जातं.

पण एक गोष्ट तुम्हाला मान्य करावी लागेल. उडण्याआधी चाक फिरवून झडपा नीट हलतात का, हे पाहणं चालवणाऱ्याचं काम. आमच्याकडून काही राहिलं तरी ते तिथे सापडायला हवं. त्यासाठीच तो नियम आहे. गुरुवारी, ६ जुलैला, सकाळी दहा वाजता सरकारी चौकशी अधिकारी येतोय. त्याला मला जे आहे ते सांगावं लागेल, आणि जे आहे ते असं, की नोएलाने तपासणी पुरी केली नाही. तिचं लायसन्स काही महिने जाईल असं तो फोनवर म्हणाला. फार तर वर्षभर. पोर तरुण आहे.

राग मानू नका, पण तिनेच मला सांगितलं की ती तपासणी करत असताना तुम्ही बोलत होता. तिच्या त्या सर्व्हेयर मित्राबद्दल. मी हे अधिकाऱ्याला सांगणार नाही.

तुमचा,
ओरेल


लाक-ब्रोशे
मंगळवार, २७ जून १९७८

ओरेल,

वड्या मिळाल्या. जानीनला धन्यवाद सांग. तुला नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मी तीस वर्षं या गावच्या शाळेत शिकवलं. गोष्ट लपवणारं मूल कसं लिहितं ते मला कळतं. तुझ्या पत्रात गडबड 'राहिली', काम 'राहून गेलं', सगळं आपोआप घडलं. नाव फक्त एकाच माणसाचं आहे, नोएलाचं. माझ्या तीन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर नाही.

मी बोलत होते, हे खरं आहे. अधिकाऱ्याला तू नाही सांगितलंस तर मी सांगेन. तो सर्व्हेयर तिच्या लायकीचा नाही असं माझं मत मी विमान धक्क्याला बांधलेलं असल्यापासून देत होते आणि ती "हो आजी, हो आजी" करत होती. त्या बडबडीत तिचं लक्ष विस्कटलं असेल तर त्यात माझा वाटा आहे. पण आता तूच सांग. शेजारच्या सीटवरची एक म्हातारी बोलली म्हणून जी तपासणी वाया जाते, त्या एका तपासणीवर तू दोन जीव टांगले होतेस? दुरुस्तीनंतरच्या पहिल्या फेरीला त्या सीटवर बडबडणारी म्हातारी असताच कामा नये. असा नियम नवा नाही. तुझ्या भावाने, ऑर्मिदासने केलेला आहे.

काल रात्री जेवताना मी तिला विचारलं. ती सूपमध्ये चमचा फिरवत बसली होती.

"अंगठे पाहिले होतेस?" मी म्हटलं. तुला ठाऊकच आहे, ऑर्मिदास सगळ्यांना शिकवायचा तेच. चाकावर दोन्ही अंगठे उभे धरायचे, चाक फिरवायचं, अंगठे ज्या बाजूला कलतील त्या बाजूची झडप वर गेली पाहिजे.

"पाहिलं, आजी. म्हणजे फिरवलं. बाहेर बघितलं. एक वर गेली, एक खाली गेली."

"कुठली वर?"

"तेच तर." तिने चमचा ठेवला. "एक वर, एक खाली, दोन्ही मस्त सुळसुळीत. मी म्हटलं झालं. तारा उलट्या लावल्या तरी एक वर अन् एक खालीच जाणार ना. कुठली ते मी बघितलंच नाही."

"मी बोलत होते म्हणून."

"तुम्ही नेहमीच बोलता. त्याचं काय."

मग म्हणाली, मॉन्ट्रियलला तिची मैत्रीण बुटांच्या दुकानात आहे, तिथे एक जागा रिकामी आहे. लायसन्स गेलं की जाईन. मी म्हटलं, "वर्षभराने परत मिळेल." तर म्हणाली, "मिळेल. पण दोन माणसं तळ्यात पाडलेल्या पोरीला विमान कोण देणार? आबितिबीत सगळे सगळ्यांना ओळखतात, आजी." सोळाव्या वर्षापासून ही मुलगी तुझ्या धक्क्यावर दोर धरतेय, होड्यांमधलं पाणी उपसतेय, उडायला मिळावं म्हणून. आणि तू लिहितोस, पोर तरुण आहे.

आता ऑर्मिदासची पद्धत. ज्याने विमानात हात घातला, त्याने पहिल्या फेरीला त्यात बसायचं. चालवणारा आणि दुरुस्त करणारा, दोघंच, तळ्याच्या डोक्यावर गोल फिरून खाली यायचं. मग प्रवासी. या गावात कुत्र्यांनाही हे माहीत होतं. तो जाईपर्यंत ही पद्धत कधी मोडली नाही. आपण तिघं जेवायला बसलेलो असताना तो घड्याळ बघून म्हणायचा, "ओरेलचा नवीन कार्ब्युरेटर आहे, जाऊन येतो." आणि तू त्याच्याबरोबर तोंड पुसत उठायचास.

मग ती कधी बंद झाली? का बंद झाली? माझा अंदाज मी सांगते. पेट्रोल. एक फेरी रिकामी गेली की तुझ्या पोटात दुखतं. तुला लहानपणापासून ओळखते. दहा वर्षांचा असताना तू माझ्या लग्नात मिठाई खिशात भरून नेली होतीस.

हे खोटं असेल तर तसं लिही. पण यावेळी उत्तर दे.

क्लोतिल्द


लाक-ब्रोशे
शुक्रवार, ३० जून १९७८

वहिनी,

हे पत्र मी हँगरमध्ये बसून लिहितोय. घरी लिहिलं असतं तर जानीनने वाचलं असतं.

तारा मी बसवल्या. रेजाँ त्या शनिवार-रविवारी मुलीच्या लग्नासाठी व्हाल-दोरला गेला होता. मी एकटाच होतो. मंगळवारी विमान हवं होतं, तुम्हाला न्यायचं होतं. दोन्ही पंखांतून येणाऱ्या तारा छतात जिथे जुळतात तिथे मी डाव्याची उजव्याला लावली. जागा अरुंद, हात वर करून मानेमागे काम. आत बसून चाक फिरवलं, दोन्ही बाजूंना बघितलं. एक वर, एक खाली. नोएलाने पाहिलं तेच मी पाहिलं. तिला ते विमान माझ्या भरवशावर मिळालं होतं, मला कुणाच्या भरवशावर मिळालं नव्हतं, एवढाच फरक.

सोमवारी रेजाँ आला. तारांच्या कामाला दुसऱ्याचे डोळे लागतात, तसा कायदाच आहे. मी त्याला म्हटलं, "बघून घे." त्याने पंखाजवळ उभं राहून झडप हाताने वर-खाली केली आणि म्हणाला, "लोण्यासारखं चालतंय, साहेब." त्याने तरी का जास्त बघावं. काम मी केलेलं होतं.

आता तुमचा तिसरा प्रश्न. पेट्रोल नाही, वहिनी. पेट्रोल असतं तर बरंच झालं असतं, म्हणून गावात मी तेच सांगत आलोय.

दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरमध्ये, निळ्या विमानाचं इंजिन मी बसवलं आणि ल्युदजेरबरोबर पहिल्या फेरीला गेलो. तळ्याच्या पलीकडच्या टोकाला तेल फुटलं. समोरची काच सगळी काळी. ल्युदजेर हसत होता, बाजूच्या खिडकीतून बघत त्याने उतरवलं. काही झालं नाही. कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं. पण खाली आल्यावर मला पायऱ्या उतरता येईनात. त्याला वाटलं कंबर धरली. त्यानंतर मी एकदाही वर गेलेलो नाही. होडीवर पाय ठेवला की गुडघे माझे राहत नाहीत. रात्री इंजिनं उघडून बंद करतो झोपेत.

आधी मी चालवणाऱ्यांना म्हटलं, तुम्ही एकटे फेरी मारा, मला काम आहे. ते मारायचे. मग गर्दीच्या दिवसांत कुणी म्हणालं, ओरेल बसत नाही म्हणजे त्याला खात्री असणार, मग रिकामी फेरी कशाला? मी गप्प बसलो. माझ्या गप्प बसण्याला त्यांनी खात्री समजली. आणि त्या मंगळवारी मी धक्क्यावर उभा राहून तुम्हाला टाटा केला. तुमच्या जागी मी बसायला हवं होतं, असं माझ्या मनातही आलं नाही, हे तुम्हाला खरं वाटेल की नाही कोण जाणे. आता मनात येतं.

हे मी भावालासुद्धा सांगितलं नसतं. तुम्हाला सांगतोय कारण तुम्ही त्या खिडकीतून पाणी पाहिलंय.

माझी एक विनंती. अधिकाऱ्याला कळलं की तारा मी एकट्याने बसवल्या आणि पाहणी अशी झाली, तर तो हँगर बंद करेल. रेजाँ, ल्युदजेर, सगळ्यांची घरं त्याच्यावर आहेत. नोएलाचं वर्षभराचं लायसन्स जाईल, नंतर मी स्वतः तिला विमान देईन, शब्द देतो. भीतीचं कुणाला कळता कामा नये. विमान दुरुस्त करणारा विमानात बसायला भितो, हे एकदा कळलं की माझ्या हातचं विमान कोण घेईल?

ओरेल


लाक-ब्रोशे
रविवार, २ जुलै १९७८

ओरेल,

चर्चमधून आले आणि टेबलाशी बसले. तू आज आला नाहीस. जानीन म्हणाली पोट बिघडलंय. मी म्हटलं, बिघडायलाच हवं.

पेट्रोलबद्दल मी तुला जे बोलले ते परत घेते. चूक होती. मिठाईबद्दल बोलले ते घेत नाही.

तू घाबरतोस यात मला काही लाजेचं दिसत नाही. त्या मंगळवारपासून मी रोज रात्री त्या खिडकीत पाणी बघते. आंघोळीच्या टबात बसायची मला हिंमत होत नाही, सिस्टर सॅन्त-मार्थने शाळेत शिकवलं होतं तसं ओल्या फडक्याने अंग पुसते. तेव्हा भीती काय असते हे मला शिकवू नकोस. पण तुझी भीती धक्क्यावर उभी राहिली आणि माझी सीटवर पट्टा बांधून बसली, हा फरक आहे. मला ती नाकारायची सोय नव्हती. नोएलालाही नव्हती. मला कुणी सांगितलंच नव्हतं की घाबरायचं काही कारण आहे.

ऑर्मिदास ही पद्धत का पाळत होता असं तुला वाटतं? त्याला तुझ्यावर विश्वास नव्हता म्हणून? त्याला स्वतःवर नव्हता. माझ्यापाशी तो बोलला होता. म्हणाला, "दहा मिनिटांनी आपल्यालाच यात बसायचंय हे माहीत असलं की हात वेगळे चालतात, क्लो. बोल्ट परत एकदा आवळावासा वाटतो." त्यालाही भीतीच वाटायची, दरवेळी. ती त्याने कामाला लावली होती. तू तुझी लपवलीस, आणि लपवल्यामुळे ती विमानातून बाहेर पडली, पण जाताना तुझ्यासकट बाकीचं सगळं घेऊन गेली. दुसऱ्याचे डोळे गेले. रिकामी फेरी गेली. शेवटी फक्त एका चोवीस वर्षांच्या मुलीचे अंगठे उरले.

त्या मुलीच्या अंगठ्यांनी चूक केली. हे ती स्वतः अधिकाऱ्याला सांगणार आहे, मी अडवलेलं नाही. पण तिने पाच सेकंदांत ओळखलं की सगळं उलटं आहे आणि हात सोडले. तुझ्याकडे शनिवार, रविवार आणि सोमवार होता.

हँगर बंद होईल म्हणतोस. कदाचित होईल. रेजाँच्या बायकोला मी ओळखते, तिच्या दोन मुलांना मी शिकवलं. ती उपाशी राहावी असं मला वाटत नाही. पण तू सांगितल्याने हँगर बंद झाला तर तो तुझ्या खरेपणामुळे नाही, तारांमुळे बंद होईल. आणि न सांगता तो चालू राहिला तर पुढच्या विमानात तुझ्या हातचं काम घेऊन कुणी तरी बसेल, ज्याच्या शेजारी कदाचित नोएलासारखी पोर नसेल. मी हे गिळून चर्चला जाऊ शकत नाही.

आणि तुझा तो शब्द, की वर्षाने तिला विमान देशील. जिच्या नावावर तुझी चूक लिहून ठेवलीस तिला? ती रोज सकाळी तुझ्यासमोरून धक्क्यावर जाईल. तू तिच्याकडे बघशील कसा?

तुझं पत्र मी अधिकाऱ्याला दाखवणार नाही. ते तू मला लिहिलंस. नोएलालाही दाखवलेलं नाही, तिला ते तुझ्या तोंडून कळायला हवं. पण गुरुवारी मलाही बोलावलंय, आणि मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. तोपर्यंत तुला संधी आहे की हे माझ्या तोंडून निघण्याआधी तुझ्या हातून लिहिलं जावं. यापेक्षा जास्त तुझ्यासाठी मला काही करता येत नाही. केलं असतं तर ऑर्मिदासने मला विचारलं असतं, त्याच्या भावाला मी मदत केली की खोटेपणाला.

तू काय करायचंस ते लिहिते.

अधिकाऱ्याला तुझ्या सहीने लिहायचं की तारा तू बसवल्या, एकट्याने, उलट्या. की दुसरी पाहणी नावापुरती झाली. की पहिल्या फेरीला दुरुस्त करणारा न बसता प्रवासी बसवला, आणि तेही तुझ्या मर्जीने. भीतीबद्दल त्याला लिहायचं की नाही ते तू ठरव. माझ्या मते लिही. तो विमानांचा माणूस आहे, त्याने तुझ्यापेक्षा वाईट गुडघे पाहिलेले असतील.

नोएलाशी बोलायचं. उभं राहून, धक्क्यावर, रेजाँ ऐकत असताना.

आणि पिवळं विमान ज्या दिवशी पुन्हा तयार होईल, तुझ्या हातून होवो की दुसऱ्या कुणाच्या, पहिल्या फेरीला नोएला चालवेल आणि शेजारी तू बसशील. गुडघे नसतील तर रेजाँ आणि ल्युदजेर तुला उचलून बसवतील. ती गोल एक फेरी मारेल आणि तुला खाली आणेल. ती कशी उडवते हे मी पाहिलंय. मी पुन्हा तिच्या शेजारी बसायला तयार आहे, तेव्हा तुझं काही बिघडत नाही.

हे तिन्ही तू करणार आहेस की नाही, याचं उत्तर मला बुधवार, ५ जुलै, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत हवं. लेखी, तुझ्या सहीचं, अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्राची प्रत जोडून. जानीनकरवी निरोप चालणार नाही, वड्या चालणार नाहीत, फोन मी उचलणार नाही.

क्लोतिल्द